काकांची येझदी, कोकणातली पडवी आणि दीड लाखाचं कोटेशन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळच्या घरी काकांची 1982 सालची येझदी रोडकिंग दहा-बारा वर्षं पडवीत उभी आहे. काका गेले. तुम्ही ठाण्याला, घरी काकू आणि चुलतभाऊ. शहरातल्या एका गॅरेजने ‘फुल रिस्टोरेशन’चे दीड लाख सांगितले आहेत. करावं, की आहे तशी विकून टाकावी? आणि एवढा खर्च करून ती पुन्हा गंजली तर?

यातला शेवटचा प्रश्न खरं तर पहिला. गाडी नवी करायला पैसे लागतात, ते कुठून तरी उभे राहतात. ती नंतर कुठे ठेवायची आणि तिला हात कोण लावणार, हे आधी ठरवा. ते ठरलं नसेल तर दीड लाखाचा रंग दोन पावसाळ्यांत फुगून वर येतो. रत्नागिरीकडे जुन्या दुचाकींची कामं करताना, मुख्यतः येझदी-जावा आणि कास्ट आयर्न बुलेट, शहरातून झगमगीत होऊन आलेल्या गाड्या सायलेन्सरला भोकं पडून परत आलेल्या मी बघतो. बहुतेक वेळा काम वाईट झालेलं नसतं. ते कोकणासाठी झालेलं नसतं, एवढंच.

म्हणून माझं मत आधी सांगून टाकतो. फुल रिस्टोरेशन करू नका, आणि आत्ता विकूही नका. गाडी आहे त्याच रंगात, डागांसकट, फक्त चालती करा. वाचलेल्या पैशांतला थोडा तिच्या जागेवर खर्च करा.

आता काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत, आणि उत्तर त्यांवर बदलू शकतं. घर खाली वाडीत, समुद्राला लागून आहे की वर सड्यावर? पडवी पश्चिमेला उघडी आहे का? काकांनी गाडी उभी केली तेव्हा ती चालत होती, की बिघडली म्हणून उभी केली? हे काकूंना नक्की विचारा. चालती उभी केलेली गाडी आणि नादुरुस्त उभी केलेली गाडी यांच्या खर्चात दुपटीचा फरक पडू शकतो. अजून एक, गोठा किती जवळ आहे? हसू नका. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया तांब्या-पितळेचा वैरी आहे. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या आपोआप तडकायच्या. त्याचं कारण शेवटी जनावरांच्या मुतातला अमोनिया निघालं. तुमच्या गाडीत कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक नळ्या, पितळी आहेत आणि वायरिंग सगळं तांब्याचं. गोठ्याला लागून असलेल्या पडवीतल्या गाडीच्या वायरी सोलल्या की आत हिरवी पूड मिळते.

खाऱ्या हवेचंही नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. लोकांना वाटतं गंज पावसाने चढतो. पाऊस उलट मीठ धुऊन नेतो. घात होतो तो पत्र्यावर बसलेल्या मिठाच्या न दिसणाऱ्या थराने. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, बरणीतलं मीठ आषाढात पाणावतं तसंच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर याहून कितीतरी कमी आर्द्रतेत ओलं होतं. म्हणजे डिसेंबरात हात लावून कोरडी वाटणारी गाडीसुद्धा रात्रभर खाऱ्या पाण्याच्या पातळ थराखाली उभी असते. त्यात इंजिनचं कव्हर ॲल्युमिनियमचं आणि त्यात पिळलेले स्क्रू लोखंडी. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी, की झाली बॅटरी तयार. पांढरी पूड धरून जाम झालेले जे स्क्रू तुम्हाला दिसतील ते त्याचेच. ते साध्या स्क्रू ड्रायव्हरने काढायला जाऊ नका, डोकी उडतील. कव्हर गरम करून इम्पॅक्ट ड्रायव्हरने सोडवा आणि परत बसवताना प्रत्येक आट्याला ग्रीस लावा.

विमानवाल्यांना हे कधीपासून ठाऊक आहे. समुद्रावर कमी उंचीवरून उडून आलेलं विमान गोड्या पाण्याने धुतात. गोव्याला गेलात तर दाबोळीजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय बघाच. सुपर कॉन्स्टेलेशन, आलिझे, पाण्यावर उतरणारं सीलँड, सगळी तिथल्या समुद्री हवेत उभी आहेत. लोक त्यांच्यासमोर फोटो काढतात, मी रिव्हेटांच्या रांगा बघत बसतो. रंग कुठून सुटायला लागतो? जिथे दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथून. तुमच्या मडगार्डच्या दुमडलेल्या कडेला, टाकीच्या खालच्या सांध्याला आणि साइड बॉक्सच्या बुडाला नेमकं हेच चाललेलं असतं.

आता इंजिन. उभ्या राहिलेल्या बुलेटपेक्षा उभ्या राहिलेल्या येझदीची मला जास्त काळजी वाटते. फोर स्ट्रोकमध्ये तेल आत असतं, बेअरिंगांवर थोडा तरी थर राहतो. टू स्ट्रोकच्या क्रँकला, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याला, तेल मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेलं. गाडी बंद झाली की पेट्रोल उडून जातं, उरलेल्या तेलाचा पापुद्रा काही महिने टिकतो आणि मग दमट हवा थेट क्रँकपर्यंत जाते. एवढं असूनही या इंजिनाचा एक मोठा गुण आहे: न खोलता आत डोकावता येतं. दोन्ही सायलेन्सर उतरवा, प्लग काढा आणि एक्झॉस्टच्या भोकांतून टॉर्च मारा. पिस्टनची बाजू, रिंगा, बोअरची (पिस्टन ज्यात सरकतो त्या नळकांड्याची) भिंत, सगळं दिसतं. बोअरवर तपकिरी झाक असेल तर होनिंगने, म्हणजे हलकं घासून, निघेल. खड्डे दिसले तर रिबोअर, म्हणजे बोअर कापून मोठं करायचं आणि पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घालायचा. सायलेन्सर काढल्यावर आत कुंभारमाशीची मातीची घरं सापडली तर नवल नाही, कार्बोरेटरच्या तोंडातही ती असतात. ती न काढता किक मारली की माती सरळ बोअरमध्ये.

किकबद्दल सगळ्यांना सांगून ठेवा, विशेषतः गणपतीला येणाऱ्या उत्साही पाहुण्यांना: कोणीही किक मारायची नाही. या गाडीत गिअरची आणि किकची दांडी एकच असते, दांडी आत दाबून वर फिरवली की किक होते, आणि नवख्या माणसाला तेवढंच करून बघायची खाज असते. जाम रिंग पोर्टच्या, म्हणजे बोअरच्या भिंतीतल्या भोकाच्या, कडेला अडकली की तुटते आणि बोअरला चर पाडते. त्याऐवजी प्लगच्या भोकातून टू स्ट्रोक ऑइल आणि डिझेल निम्मं निम्मं ओता आणि दोन-तीन दिवस तसंच मुरू द्या. मग गाडी चौथ्या गिअरला टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलकंच डोलवा. सुटलं तर पिस्टन वर आणून कनेक्टिंग रॉडला वर-खाली खेळ आहे का बघा. आडवा थोडा खेळ असतोच, तो चालतो. उभा खेळ असेल तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, गेलं. मग क्रँक प्रेसवर उघडून नवा रॉड सेट घालावा लागतो आणि परत अलाइन करावा लागतो. हे काम हातोड्याने करणाऱ्याकडे देऊ नका. चांगला लेथवाला कोण हे गॅरेजवाल्याला विचारा. सांगायला टाळाटाळ करणाऱ्याकडे इंजिन देऊ नये.

इंजिन मोकळं निघालं तरी एक खर्च मी टाळू देणार नाही: क्रँकची ऑइल सील. दहा वर्षांत ती कडक होतातच. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जातं आणि गाव धुराने भरतं. ते परवडलं, दिसतं तरी. दुसऱ्या बाजूचं गेलं तर हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल-तेल कमी पडतं, गाडी सपाटीला झकास पळते आणि कुंभार्ली घाट चढताना पिस्टन तापून बोअरमध्ये धरतो. सील स्वस्त असतं, इंजिन खोलायची मजुरी जास्त. म्हणून मोकळं फिरणारं इंजिनसुद्धा एकदा खोलून सील आणि बेअरिंग बदलून घ्या. तुमच्या दीड लाखातला मला मान्य असलेला भाग हा.

सुट्या भागांची परिस्थिती बरी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाचं उत्पादन 1996 मध्ये थांबलं, पण या गाड्यांना चाहते इतके आहेत की पिस्टनपासून रबरांपर्यंत नवा माल बनतो. 2022 मध्ये येझदी नावाने ज्या गाड्या परत आल्या त्या लिक्विड कूल्ड फोर स्ट्रोक, त्यांचा तुमच्या गाडीशी नावापुरता संबंध. नव्या मालात पत्र्याची वस्तू मात्र जपून घ्या. डुप्लिकेट सायलेन्सर आणि मडगार्डचा पत्रा पातळ येतो. म्हणून गॅरेजशी पहिलीच अट: काढलेला प्रत्येक जुना भाग मला परत हवा. ठोकून-वेल्डून चालेल असा जुना पत्रा नव्यापेक्षा जास्त टिकतो.

टाकी आतून गंजलेली असणारच. खडी आणि साखळी घालून घुसळणारे लोक आहेत. मी धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरतो. टाकी आधी पाण्याने अनेकदा धुऊन पेट्रोलचा वास पूर्ण घालवायचा. मग सोड्याचं पाणी भरायचं, चार्जरचं निगेटिव्ह टाकीला आणि पॉझिटिव्ह आत सोडलेल्या लोखंडी सळीला. सळी टाकीला टेकता कामा नये आणि ती स्टेनलेसची नको, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. हायड्रोजन निघतो, म्हणून काम खळ्यात, उघड्यावर, विडीवाल्यांना लांब ठेवून. गंज सळीवर येत नाही, टाकीतच सैल होतो आणि मग धुऊन निघतो. आमच्याकडे एकाने टाकीत कोकमाचं आगळ ओतलं होतं, आंबट म्हणून गंज खाईल या हिशोबाने. आंबटपणा होता, पण आगळात मीठही असतं. पुढचं सांगायला नको.

आता ज्यावर गॅरेजवाल्याशी तुमचं वाजेल तो विषय, रंग आणि क्रोम. झळाळी क्रोमची दिसते, पण क्रोमचा थर मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि त्यात बारीक चिरा असतात. गंज अडवतो तो त्याच्या खालचा निकेलचा थर, आणि उघड्यावर टिकायचं तर तो 20 ते 30 मायक्रॉन तरी हवा. स्वस्त प्लेटिंगमध्ये नेमकं तिथेच हात आखडतात. दुकानातून आणताना दोन्ही सारखीच चकाकतात, फरक श्रावणात कळतो. शिवाय प्लेटिंगच्या आधी पॉलिश करताना रिमचा धातू घासला जातो तो वेगळाच. तुमच्या रिमवर नुसते ठिपके असतील तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा, वर मेण लावा आणि ठिपक्यांसकट वापरा. आऱ्या मात्र गंजलेल्या ठेवू नका, त्या सुरक्षिततेच्या आहेत. स्टेनलेसच्या मिळतात, त्याच घाला. रंगाचंही तसंच. काकांनी वापरलेला मूळ रंग, टाकीवर गुडघे घासून आलेला पांढुरकेपणा, हे एकदा खरवडलं की परत आणता येत नाही. गंजलेल्या जागा साफ करून तेवढ्यापुरता प्रायमर-रंग करा. शेवटी ही आवडीची बाब आहे. नवी कोरी दिसणारी गाडीच हवी असेल तर तसं करा, पण मग ती ठाण्यालाच ठेवा.

पेट्रोलबद्दल. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. पेट्रोलचा कॉक तळाशी. टू स्ट्रोकमध्ये धोका दुहेरी, कारण ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि खालून कार्बोरेटरला जातं ते जवळपास बिनतेलाचं. म्हणून टाकीत लागेल तेवढंच ताजं पेट्रोल, लिटरला 40 मिली चांगलं टू स्ट्रोक ऑइल, आणि दोन-तीन आठवडे गाडी चालणार नसेल तर टाकी आणि कार्बोरेटरची फ्लोटची वाटी दोन्ही रिकामी. पेट्रोलची नळी आणि रबरी वायसर इथेनॉलला टिकणारे बसवून घ्या, जुने फुगतात.

मग ती ठेवायची कुठे? पडवीत नाही. माजघराला लागून एखादी आतली खोली असेल तर तिथे, नसेल तर पडवीची पश्चिमेची बाजू चिऱ्याने किंवा निदान पत्र्याने बंद करा. झाप बांधून पागोळ्या अडतात, खारी हवा अडत नाही. गाडी मेन स्टँडवर, खाली फळी, टायर जमिनीपासून सुटे. वर प्लॅस्टिकचं कव्हर कधीही नको, आत घाम धरतं. जुनी सुती चादर उत्तम. मे अखेरीस टाकी रिकामी करून आत थोडं टू स्ट्रोक ऑइल फिरवा, प्लगच्या भोकातून दोन चमचे तेल घालून चाक फिरवा, आणि कार्बोरेटर व सायलेन्सरची तोंडं तेलकट फडक्याने बंद करा. फडकं आहे असं हँडलला चिठ्ठी बांधून लिहून ठेवा. बॅटरी काढून घरात. गणपती-दसरा होईपर्यंत ती झोपू दे.

बाकीचे आठ महिने चुलतभावाने महिन्यातून दोनदा पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणली तर मला पुरे. मालवणकडचे एक गृहस्थ अभिमानाने सांगायचे, “मी रोज धा मिनटां चालू करून ठेवतंय.” त्यांचा सायलेन्सर आतून कुजून गेला होता. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर नीट तापले तर ते वाफ होऊन बाहेर पडतं, जागेवर गुरगुरवत ठेवलं तर आतच साचतं. चालवायची तर तापेपर्यंत चालवा, नाहीतर हातच लावू नका.

समुद्राच्या वाळूवर फोटोसाठी नेऊ नका. दाभोळ-धोपावेची फेरीबोट घेतली तर पुढे तोंडाशी उभी करू नका, तिथे पाणी उडतं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. खाडीकाठच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ चोळणं, तेव्हा चव घेऊन बघा. वायरिंगची सगळी अर्थिंगची टोकं एकदा घासून व्हॅसलिन लावलं की सहा व्होल्टच्या गाडीचा निम्मा ‘इलेक्ट्रिकचा प्रॉब्लेम’ संपतो.

विकण्याबद्दल. आत्ता घेणारा गंज दाखवून भाव पाडणार, आणि कागद नसतील तर भंगाराच्या वजनावर बोलणार. चालती आणि कागद सरळ असलेली गाडी वेगळ्याच भावाने जाते. म्हणून विकायची असली तरी आधी कागद. मालक वारले असल्याने वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म 31, सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती. काकूंच्या नावावर होणं सगळ्यात सरळ. 1982 च्या गाडीची पहिली पंधरा वर्षं 1997 मध्ये संपली, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म 25 आणि प्रत्यक्ष तपासणी. मध्ये ते राहून गेलं असेल तर दंड आणि पर्यावरण कर भरावा लागेल. रत्नागिरीच्या आरटीओत स्वतः जाऊन विचारा, एजंटाला पहिल्याच दिवशी गाठू नका. 2021 च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेज नोंदणीची सोय आहे, पण ती पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना. तुमची 2032 मध्ये पात्र ठरेल. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही, हे फुल रिस्टोरेशनवाल्यालाही ऐकवा. आणि सँड ब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने रंग-गंज उडवायला, देणार असाल तर चेसी नंबरची जागा झाकून. तो पुसला गेला तर ही गाडी कोणाच्याच नावावर होणार नाही.

तर या गणपतीला गावी जाल तेव्हा गाडी बाहेर काढायची घाई करू नका, हवा अजून ओली असते. काकूंकडून आरसी बुक शोधून घ्या, चेसी आणि इंजिन नंबर त्याच्याशी ताडून बघा, प्लगच्या भोकात तेल ओता, एक्झॉस्टमधून टॉर्च मारून दोन फोटो काढा. ते फोटो इथे टाकलेत तर होनिंग की रिबोअर हे बऱ्यापैकी सांगता येईल. इंजिनचं काम दिवाळीनंतर, कोरड्या दिवसांत. त्याआधी चुलतभावाला एकदा बसवून नीट विचारा, तो चालवणार आहे का. त्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर मग गाडी ठाण्याला न्या, किंवा कागद करून घाटावरच्या एखाद्या चांगल्या माणसाला द्या. त्या परिस्थितीत मीही विका असंच म्हणेन.